हेच नावाचे फोटो

आमच्या खाली राहायचे म्हणून ते ‘खालचे’. तळमजल्यावरच्या लोकांच्या ते खरं तर वर राहायचे, पण तीसुद्धा मंडळी त्यांना ‘खालचे’च म्हणायची, कारण पहिल्यांदा मी म्हणाले आणि माझा आवाज मोठा आहे. नाव होतं त्यांना. दारावर पितळी पाटी होती आणि तिच्यावर नावाखाली कोरलेलं होतं, ‘घंटा एकदाच वाजवावी. ऐकू येते.’ आता ते इथे नाहीत, मुलीकडे नागपूरला असतात. पाटी काढून नेली, तिची चार भोकं अजून दारावर आहेत.

मी लिहायला बसले ती एकाच गोष्टीसाठी. पण ती सांगायची तर आधी कपाट सांगायला हवं, आणि कपाट सांगायचं तर मार्केट यार्ड. मला सरळ सांगता येत नाही. बोलते तशी लिहिते, तेव्हा सांभाळून घ्या.

खालचे मार्केट यार्डात तोलणार होते. शेतकऱ्याचा माल आला की गोणी काट्यावर चढवायची आणि वजन पुकारायचं, हे काम. उभा जन्म कांदा-बटाट्यात गेला. तिथे एक जुनी खोड असते, तिला कडता म्हणतात. गोणी ओली आहे, माती लागलीय, असं काहीतरी निमित्त काढून प्रत्येक गोणीमागे थोडं वजन कापून टाकायचं. खालच्यांना त्या शब्दाचासुद्धा राग. “माल जेवढा आला तेवढा पुकारायचा. आपण कोण कापणारे?” असं म्हणायचे. त्यामुळे यार्डात त्यांचं फारसं कुणाशी जमलं नाही. निवृत्तीच्या दिवशी त्यांना नारळ दिला, तो त्यांनी तळहातावर वरखाली केला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “पाणी कमी आहे यात.” हे त्यांनीच मला सांगितलं, आणि नारळ फोडल्यावर पाणी कमीच निघालं हेही सांगितलं.

हातात काहीही दिलं की जोखायचे. मी मंडईतून भाजी घेऊन जिने चढत असले की मधल्या वळणावर उभे असायचे, पिशवी घ्यायचे, दोन पायऱ्या बरोबर चढायचे आणि परत द्यायचे. मला वाटायचं मदत करताहेत. “पावणेतीन किलो,” असं म्हणून आपल्या घरात जायचे. मदत दोन पायऱ्यांचीच.

आता कपाट. ज्यांच्या घरी दुधाचं जाळीचं कपाट होतं त्यांना चटकन कळेल. लाकडी चौकट, चारी बाजूंनी बारीक तारेची जाळी, आत दूध-दही. हवा लागावी आणि मांजर लागू नये. खालच्यांकडे त्यांच्या आईचं होतं तसं एक. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर मागे राहिला. खालच्यांनी तो साफ केला, कुठून कुठून वाचून शिकले, आणि त्यात परदेशातल्या कुणी हौशी मंडळींनी फुकट वाटलेलं एक सॉफ्टवेअर बसवलं. त्यात फोटो टाकले की इमारतीतल्या कुठल्याही घरात टीव्हीवर दिसायचे. आणि तो कॉम्प्युटर त्यांनी ठेवला जाळीच्या कपाटात.

“गरम होतो. हवा पाहिजे,” म्हणाले.

“आणि जाळी?”

“मांजर आहेच की.”

त्याला सर्व्हर म्हणतात हे मला नातीने सांगितलं. आम्ही कपाटच म्हणायचो. बारशाला आलेले पाहुणे गोंधळायचे, कारण आमच्याकडचं कुणीतरी हमखास विचारायचं, “बाळाला कपाटात टाकलं का?”

कपाटाचे नियम जिन्यात चिकटवलेले असायचे, खालच्यांच्या टपोऱ्या अक्षरात. ‘फोटोला नाव द्यावे. आयएमजी हे नाव नव्हे.’ ‘एकाच वड्याचे सात फोटो ठेवू नयेत. वडा एकच होता.’ ‘शुभ सकाळचे फोटो घेतले जाणार नाहीत. सकाळ सर्वांना दिसते.’ लोक चिडायचे आणि तरी टाकायचे, कारण कपाट फुकट होतं आणि खालचे कुणाचा फोटो हरवू देत नव्हते. रविवारी दहा वाजता दार उघडं ठेवायचे. ज्याला यायचं त्याने यावं, टीव्हीसमोर बसावं, आठवड्यात काय आलं ते बघावं. चहा मिळायचा. बिस्किट मागितलं तर मिळायचं.

असं छान चाललं होतं. मग लोकांनी नवे फोन घेतले आणि कपाटात राखाडी चौकोन यायला लागले.

चेहरा नाही, झाड नाही, काही नाही. नुसता राखाडी चौकोन आणि मधे फाटक्या कागदासारखी एक खूण. पहिल्यांदा मला वाटलं, माझा मोतीबिंदू. दोन दिवस कुणाला बोलले नाही. मग शेजारणीलाही तसंच दिसतं म्हटल्यावर बरं वाटलं आणि खाली गेले.

“भावजी, आमच्या नातीने टाकलेले फोटो राखाडी का दिसतात?”

“हेच.”

“हेच म्हणजे कुठले?”

“हेच आहेत ते.”

“हो, हेच. पण काय झालंय त्यांना?”

“वहिनी, तेच सांगतोय. हेच झालंय.”

मी खुर्चीवर बसले. वयाप्रमाणे माणसाचं होतं असं कधीकधी, असं मनात आलं आणि त्यांच्या मुलीला कळवावं का असा विचार करायला लागले. तेवढ्यात त्यांनी टीव्हीवर चौकोनाखालची बारीक इंग्रजी अक्षरं मोठी करून दाखवली. नावाच्या शेवटी एक टिंब आणि पुढे चार अक्षरं.

“एच, ई, आय, सी. नव्या फोनची नवी पद्धत. कमी जागेत जास्त फोटो बसतो. जोडून वाचलं तर हेईच. बोलायला हेच.”

“सीचा च कसा होईल?”

“चहा इंग्रजीत कशाने सुरू करता?”

तरी माझं समाधान होईना. “फोटो ‘हाच’ असतो हो, ‘हेच’ नसतो. मी शाळेत गेले नाही, पण एवढं कळतं.”

“व्याकरण त्यांना कळवा,” ते म्हणाले.

नंतर नातीने मला फोनवर सांगितलं की त्याला जगात कुणीही हेच म्हणत नाही. पण तोवर उशीर झाला होता. आमच्या अख्ख्या इमारतीत शब्द रुजला. “तुझा साधा आहे का हेच?” असं लोक विचारायला लागले. आणि एकदा शब्द रुजला की गोंधळ वाढतोच. कुणी म्हणायचं, “हेच फोटो चालत नाहीत,” तर दुसरा विचारायचा, “मग दुसरे कुठले चालतात?” आणि दोघं आपापल्या जागी बरोबर.

आता ही नात. माझ्या मुलीची मुलगी, बंगळूरला कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. ती म्हणाली, “आजी, दोन मिनिटांचं काम आहे. काकांना सांग, कन्व्हर्ट करा. हेचचा जेपीजी करा, जुन्या पद्धतीचा. दिसेल.”

मी निरोप दिला. खालच्यांनी ऐकून घेतलं आणि कपाटाची जाळी पुसायला लागले. जाळी पुसताना ते बोलत नसत. मग म्हणाले, “म्हणजे एका गोणीतनं काढून दुसऱ्या गोणीत भरायचं.”

“असेल तसं. भरा की.”

“गोणी बदलली की थोडं सांडतंच. ते वाचलंय मी. बदलताना फोटोतलं काहीतरी जातं. किती जातं, काय जातं, कुणी सांगत नाही. म्हणजे कडताच झाला.”

“अहो, पण दिसेल तरी.”

“लोकांनी विश्वासाने ठेवलेला माल आहे. मी कडता लावणार नाही. फोटोचं काही चुकलेलं नाही, वहिनी. वाचणाऱ्याला वाचता येत नाही. त्याने शिकावं.”

हे शेवटचं वाक्य मला बाणासारखं लागलं, पण का लागलं ते त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. ते आता सांगते.

माझं माहेर येरवड्याचं. दोन खोल्या. निळ्या भिंती, पुढे मोरी. मला शाळेत घालायच्या वर्षीच माझ्या पाठीवर मोठं गळू झालं, ते फाडलं, मग चिघळलं. पाठ टेकवता येईना. कित्येक महिने मी खाटेवर डाव्या कुशीवर पडून होते आणि डोळ्यासमोर आतल्या खोलीचं दार. माझी मोठी बहीण, आक्का, शाळेत जायची. तिने भिंतीचा उरलेला निळा रंग घेतला आणि दाराच्या मागच्या बाजूला माझ्यासाठी मुळाक्षरं काढली. रोज दोन. बाबांनी तिला दोन धपाटे घातले, पण पुसलं नाही. मी तिथे वाचायला शिकले. बरी झाले तोवर धाकटी भावंडं सांभाळायला घरात मीच हवी होते, शाळा राहिलीच. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर आणि रद्दीवर शिकले. पण दार होतं म्हणून पुडी वाचता आली.

दाराच्या मागे कुणी रंग लावत नाही, त्यामुळे अक्षरं तशीच राहिली. मग भाच्यांनी ती जागा बिल्डरला दिली. पाडायच्या आदल्या दिवशी माझ्याने जाववेना, म्हणून नातीला पाठवलं. ती नव्या फोनने दाराचे फोटो काढून आली. मला दाखवायला लागली तर माझा चष्मा घरात कुठेतरी. मी म्हटलं, “एवढ्याशा फोनवर काय बघू, कपाटात टाक, टीव्हीवर मोठं बघते.” तिने टाकले. मग ती बंगळूरला गेली, तो फोन देऊन आणखी नवा घेतला, आणि आपल्याकडचे फोटो पुसून टाकले, कारण कपाटात आहेतच. कपाट इमारतीबाहेरून उघडत नाही. म्हणजे माझं दार आता जगात फक्त जाळीमागे होतं, राखाडी.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मी आक्काकडे गेले आणि दाराचा विषय काढला. आक्का आता ऐंशीच्या पुढे आहे, मुलाकडे येरवड्यातच असते. ती म्हणाली, “कुठलं दार?”

“आक्का, तू अक्षरं काढली होतीस. निळ्या रंगाने.”

“मी? नाही गं. तू शाळेत शिकलीस.”

“मी शाळेत कधी गेले?”

“नाही गेलीस?” असं म्हणून ती विचारात पडली आणि मग तिने मला शंकरपाळे दिले.

घरी येताना रिक्षात मला काही सुचेना. आक्का विसरली असेल. पण आक्का तर अजून दूधवाल्याचा पहिला नंबर तोंडपाठ सांगते. मग मीच रचलं असेल का? माणूस रचतं. इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगितलं लोकांना, सांगता सांगता दार तयार झालं असेल. नातीला विचारलं तर ती म्हणाली, “होतं काहीतरी निळं, आजी, मी फोटो काढायच्या गडबडीत होते.” काहीतरी निळं. भिंतही निळीच होती.

मला तो फोटो पाहायचा होता. आणि आक्काला दाखवायचा होता, तिला अजून दिसतंय तोवर. बाकी मला त्या कपाटातलं काही नको होतं.

इकडे खालच्यांनी त्या परदेशी मंडळींना अर्ज लिहायला घेतले. त्यांची एक जागा असते म्हणे, जिथे कुणीही आपली मागणी मांडायची. खालच्यांनी मराठीत मांडली. मला वाचून दाखवली, म्हणून आठवते.

‘प्रति, मा. व्यवस्थापक. विषय : हेच नमुन्यातील छायाचित्रे दाखविण्याची सोय होणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, आपले सॉफ्टवेअर उत्तम आहे. तथापि नवीन फोनचा माल येत आहे व आपला काटा जुना आहे.’

पंधरा दिवसांनी दुसरा अर्ज, ‘संदर्भ : आमचा पहिला अर्ज.’ मग तिसरा, ‘संदर्भ : आमचे पहिले दोन अर्ज.’ चौथ्याला उत्तर आलं. खालच्यांनी ते मशीनकडून मराठी करून घेतलं आणि तेव्हापासून दोन दिवस ते जिन्यात दिसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराची घंटा वाजली, एकदाच. मी कणीक मळत होते. दारात खालचे, हातात फोन. त्यांचे गुडघे वाईट, ते सहसा वर येत नसत, म्हणून मला काळजी वाटली.

“वहिनी, अंगठा द्या.”

“काय द्या?”

“अंगठा. तुमचा एक पाहिजे. सगळ्यांचे घेतोय.”

“कशाला?”

“त्यांनी मागितलाय. नवीन अर्ज लिहू नका, आधीच्या अर्जावर अंगठे द्या, असं लिहिलंय.”

माझे हात कणकेचे होते, नाहीतर दारच लावलं असतं. मी म्हटलं, “मी सही करते.”

“सही चालत नाही.”

“मराठीत करते. पूर्ण नावाने करते. रेशन दुकानात, बँकेत, सगळीकडे माझी सही चालते.”

“इथे नाही चालत. अंगठाच पाहिजे.”

“भावजी,” मी म्हटलं, “माझ्या आईचा अंगठा घेतला लोकांनी जन्मभर. शाईचं बोट पदराला पुसत घरी यायची. आमच्या घरी शाईचा डाग धुवायची वेगळी वीट होती. मला सही यावी म्हणून मी काय काय केलंय ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही माझा अंगठा मागायला वर आलात?”

बोलायचं कसं हे त्यांना येतच नसे, वजन तेवढं पुकारता यायचं. फोन माझ्यासमोर धरून उभे राहिले. त्यावर काय होतं ते मी बघितलंच नाही. मी आत गेले. खाली जाताना त्यांच्या गुडघ्यांचा आवाज आला, तरी मी बाहेर आले नाही. दुपारभर पोळ्या कडक झाल्या म्हणून आमचे हे कुरकुरले, त्यांनाही बोलले.

दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून कागद आत आला.

‘प्रति, वरच्या वहिनी. विषय : अंगठ्याबाबत गैरसमज दूर होणेबाबत. महोदया, अंगठा शाईचा नसून चित्राचा आहे. फोनमध्ये अंगठ्याचे चित्र असते. ते दाबले की पसंती कळते. प्रस्तुत अर्जदारास प्रथम हेच वाटले होते, की एवढी शिकलेली माणसे अंगठा का मागतात, व दोन दिवस राग आला होता. खुलासा करण्यास अर्जदार कमी पडला. क्षमस्व.’ आणि खाली अंगठ्याचं चित्र काढलेलं, वर केलेला अंगठा, नखासकट.

मी ते ‘प्रथम हेच वाटले होते’ दोनदा वाचलं. हा हेच कुठला, साधा की फोटोचा, असं क्षणभर झालं. मग हसू आलं. मी त्याच कागदावर खाली लिहिलं, ‘गैरसमज कळला. राग पळाला.’ आणि पूर्ण नावाने सही करून त्यांच्या दाराखालून सरकवला.

संध्याकाळी जिन्यात भेटले. कागद हातातच होता.

“वहिनी, तुमचा ळ उभा का?”

ही माझी जुनी खोड. ळ कसा, आडव्या आठासारखा लिहितात. माझा उभा असतो, इंग्रजी आठासारखा, वर रेघ. मुलं हसायची, मुलीच्या शाळेतल्या बाईंनी एकदा प्रगतीपुस्तकावर माझ्या सहीला गोल केला होता. मी लोकांना सांगायचे, आक्काने दारावर असाच काढला होता. त्यांनाही तेच सांगितलं, आणि मग दार सांगितलं, खाट सांगितली, कुशीवर पडणं सांगितलं, आक्का नाही म्हणते ते सांगितलं. जिन्यातला दिवा दोनदा विझला, दोनदा आम्ही हात हलवून लावला. आता दारच नाही आणि फोटो राखाडी, हेही सांगितलं.

“भावजी, मला भीती वाटते. दार नव्हतंच की काय.”

त्यांनी माझ्या हातातली दळणाची पिशवी घेतली. जोखली. वजन सांगितलं नाही. माझ्या दारापर्यंत आणून दिली, सगळ्या पायऱ्या.

तीनेक आठवड्यांनी, बुधवार होता, घंटा वाजली. खालचे.

“ती मंडळी शिकली. तुमचा फोटो उघडला. बहिणीला बोलवा.”

मी भाच्याला फोन केला, तो आक्काला रिक्षाने घेऊन आला. खालच्यांच्या खोलीत आम्ही बसलो. आक्काला मधली खुर्ची. त्यांनी टीव्ही लावला.

अख्ख्या पडद्यावर दार. पण आडवं. कडी वर, बिजागऱ्या खाली, उंबरा एका बाजूला. फळ्यांचा रंग उडालेला आणि त्यावर निळी अक्षरं, ओळीवर ओळ, सगळी कुशीवर झोपलेली. खोलीत सगळ्यांनी माना वाकड्या केल्या. भाचा तर खुर्चीवरून कलला. आक्काने डोक्यावरचा पदर सावरला, मान कलती केली आणि ओळीमागून ओळ बघत गेली.

“अक्षर माझंच आहे,” ती म्हणाली. “पण एवढं आडवं मी नव्हतं काढलं.”

“म्हणजे काढलं होतंस.”

“धपाटे खाल्ले की मी. विसरेन कशी?” आक्का म्हणाली, जशी काही मीच नाही म्हणत होते.

भाचा म्हणाला, “काका, फिरवा की सरळ.”

खालच्यांनी रिमोट खाली ठेवला. “आला तसा लावलाय.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “प्रवासात माल हलतो.”

पण मला फिरवायला नकोच होता. मी एकटीच मान न वाकवता बसले होते. मी ते दार कधी सरळ पाहिलंच नव्हतं. माझी खाट, माझी डावी कूस, आणि असंच आडवं दार. शेवटच्या ओळीत ह च्या पुढे ळ होता. आक्काने नीट, सगळे काढतात तसा आडवाच काढलेला, आणि म्हणून माझ्या डोळ्यांना उभा. बाकीची अक्षरं पुढे पुड्यांच्या कागदांनी सरळ करून दिली. ळ ने शब्द सुरू होत नाही, त्याच्याकडे कोण बघतं. तो तसाच उभा राहिला माझ्यात.

“सगळे हेच उघडले का, भावजी?” मी निघताना विचारलं.

“तुमचा उघडला.”

“आणि बाकीचे?”

“रांग असते,” ते म्हणाले आणि जाळी पुसायला लागले.

दिवाळीला नात आली. फराळ करता करता तिने टीव्हीवर कपाट उघडलं, इकडे तिकडे करून बघितलं आणि तिचा चेहरा गोंधळला.

“आजी, कोण म्हणालं सपोर्ट आला? सगळे अजून राखाडीच आहेत. मी त्यांच्या साइटवर पण बघितलं, लोक अजून मागताहेत. काकांचे चार अर्ज आहेत तिथे, मराठीत.”

“पण माझा तर उघडला.”

“थांब.” तिने जवळ जाऊन चौकोनाखालची अक्षरं वाचली. एक राखाडी चौकोन होता आणि त्याच्या शेजारी माझं आडवं दार. “हे बघ. तुझा मूळ फोटो हा राखाडी. तो तसाच ठेवलाय. आणि हा दिसतोय तो जेपीजी आहे. काकांनी कन्व्हर्ट केलाय. म्हणून तर आडवा झाला, फोटो कुठल्या बाजूने धरायचा ती माहिती बदलताना गेली.”

सांडली म्हणजे. मी करंजी ताटात ठेवली. खालून जाळीच्या कपाटाचं दार लावल्याचा आवाज आला, ते लावताना जरा करकरायचं. त्या माणसाने उभ्या जन्मात एका गोणीला कडता लावला नव्हता.

मला काय वाटत होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. खाली जाऊन काही बोलावं असंही वाटलं, आणि बोलले तर त्यांनी इतके दिवस धरून ठेवलेलं काहीतरी मी सांडेन असंही वाटलं. मी गेले नाही. त्यांनीही कधी विषय काढला नाही. नागपूरला जाताना कपाट मला देऊन गेले, एवढंच.

त्या दिवशी मी नातीला म्हटलं, “मला तो तुझा अंगठा दाखव. त्यांच्या अर्जावरचा.” तिने फोन पुढे केला. मी बोट पुसलं आणि चारही अर्जांवर एकेक दिला.

“आजी, पण तुला कळलं ना?” ती टीव्हीकडे बोट करून म्हणाली. “हे हेच नाहीये.”

मी दाराकडे बघितलं.

“हेच आहे,” मी म्हटलं.